रात्री हाताला मुंग्या येऊन जाग येते, बरं होतं आणि परत सुरू होतं: कार्पल टनेल क्रमाने कसा सोडवायचा

हातांच्या फिजिओथेरपीत काम करते, आणि सगळ्यात जास्त वेळा समोर येणारी तक्रार हीच. त्यातही "मागे बरं झालं होतं, आता परत सुरू झालंय" म्हणणारे भरपूर. परत का आलं ते शोधायला बसलं की बहुतेक वेळा एकच गोष्ट निघते, उपाय उलट्या क्रमाने झालेले असतात. मलम झालं, मशीनचा शेक झाला, मसाज झाला, कधी इंजेक्शनसुद्धा झालं, पण झोपेत मनगट कसं असतं ते कोणी बघितलेलंच नसतं. म्हणून इथे क्रमाने लिहितेय, सोपं आणि बिनखर्चाचं आधी, अवघड नंतर, आणि घरचे उपाय कुठे थांबवायचे तेही.

लक्षणं जुळतायत का बघा

अंगठा, तर्जनी, मधलं बोट आणि अनामिकेची अंगठ्याकडची अर्धी बाजू, एवढ्या भागात मुंग्या, बधिरपणा, कधी जळजळ, कधी टाचण्या टोचल्यासारखं. करंगळी सहसा सुटते. रात्री मध्येच जाग येते, हात सुजून जड झालाय असं वाटतं पण दिवा लावून बघितलं तर सूज फारशी दिसत नाही, माणूस उठून बसतो, हात खाली सोडून झटकतो, थोड्या वेळात बरं वाटतं आणि परत झोपतो. हे झटकणं इतकं ठरलेलं आहे की रात्री त्रास झाला की काय करता असं विचारल्यावर समोरच्याने बोलायच्या आधीच हात झटकून दाखवला तर माझा संशय तिथेच पक्का होत जातो.

दिवसा फोन कानाला धरून बोलताना, गाडीचं हँडल किंवा स्टिअरिंग धरल्यावर, पुस्तक उघडं धरून वाचताना त्रास होतो. पुढच्या टप्प्यात शर्टाचं बटण बोटांना नीट कळत नाही, नाणं उचलता येत नाही, हातातला कप सुटतो. दुखणं कधीकधी मनगटावरून वर कोपरापर्यंत, अगदी खांद्यापर्यंतही चढतं, त्यामुळे बरेच जण आधी खांद्याचेच उपचार घेत बसतात.

आत काय होतं ते थोडक्यात. मनगटात आठ छोट्या हाडांची कमान आहे आणि तिच्यावर जाड, घट्ट लिगामेंटचं, म्हणजे हाडांना बांधणाऱ्या पट्टीचं छत. हाच बोगदा म्हणजे कार्पल टनेल. यातून बोटं वाकवणारे नऊ टेंडन, म्हणजे स्नायूंना हाडांशी जोडणारे दोर, जातात आणि त्यांच्या सोबत मीडियन नर्व्ह. जागा वाढत नाही, टेंडनची आवरणं फुगली की चेपली जाते ती नर्व्ह. १९८१ मध्ये या बोगद्यातलं प्रेशर प्रत्यक्ष मोजलं गेलं, निरोगी हातात मनगट सरळ असताना ते सरासरी २.५ मिमी पारा निघालं, या पेशंटमध्ये ३२, आणि त्याच पेशंटनी मनगट पूर्ण वाकवलं की ९० च्या वर, मागे ताणलं की ११०. हे आकडे लक्षात ठेवा, पुढचं जवळजवळ सगळं यांच्यावरच उभं आहे.

सगळ्यात आधी, अंगठा बघा

ही तपासणी उपायांच्या आधी करायची कारण हिच्यावर ठरतं की घरी उपाय करत बसायचं की नाही. उजेडात दोन्ही तळहात वर करून शेजारी शेजारी धरा. अंगठ्याच्या बुडाशी जो मांसल उंचवटा असतो तो दोन्हीकडे सारखा गुबगुबीत आहे का? एका हातात तो सपाट दिसत असेल, कडेला हाडाची रेघ दिसायला लागली असेल, बोटाने दाबल्यावर मऊ पोकळ लागत असेल तर स्नायू आटायला लागलाय. मग हात टेबलावर उताणा ठेवा, अंगठा सरळ छताकडे उभा करा आणि घरातल्या कोणाला तरी तो तळहाताकडे दाबायला सांगा. दुसऱ्या हाताच्या मानाने तो लगेच पडतो का? पडत असेल तर खालचं सगळं वाचा पण वाट बघू नका, हाताच्या सर्जनची किंवा ऑर्थोपेडिकची वेळ आत्ताच घ्या. दोन्ही हातांना त्रास असेल तर तुलनेवर विसंबू नका, कारण दोन्ही उंचवटे सारखेच उतरलेले असू शकतात. आणि मुंग्या गेल्या, आता नुसतं बधिर आहे, म्हणजे बरं होतंय असं समजू नका, कायमचा बधिरपणा हा पुढचा टप्पा असतो.

खरंच कार्पल टनेलच आहे का

कागदावर हात ठेवून पेनाने बाह्यरेषा काढा आणि पुढचे काही दिवस जिथे मुंग्या येतील तो भाग रंगवा. फुकटचं काम आहे पण फार उपयोगी, कारण "सगळा हात बधिर होतो" म्हणणाऱ्या माणसाने प्रत्यक्ष रंगवलं की निम्म्या वेळा करंगळी कोरी राहते. करंगळी आणि अनामिकेची बाहेरची बाजूच रंगली तर नर्व्ह वेगळी, ती कोपराच्या आतल्या बाजूला दबते, मनगटाचा पट्टा लावून तिथे काही होणार नाही. मान वळवल्यावर किंवा मागे नेल्यावर कळ हातात उतरत असेल तर मान तपासून घ्या. दोन्ही हातांसोबत तळपायही बधिर होत असतील तर शुगर आणि बी १२ बघायला हवं. आणि अंगठ्याच्या बुडाच्या उंचवट्यावरची कातडीही बधिर असेल तर दाब बहुधा बोगद्यात नाही, वर कुठेतरी आहे, कारण त्या कातडीला जाणारी फांदी बोगद्यात शिरायच्या आधीच फुटून वरून जाते.

मग घरी करायच्या दोन टेस्ट. दोन्ही हातांच्या मागच्या बाजू एकमेकींना टेकवा, बोटं खाली, मनगटं वाकलेली, जोर न लावता ६० सेकंद तसंच राहा, नेहमीच्या बोटांत मुंग्या आल्या तर फेलन टेस्ट पॉझिटिव्ह. दुसरी, मनगटाच्या घडीच्या जरा पुढे तळहाताच्या बुडाशी मधोमध दुसऱ्या हाताच्या अंगठ्याने ३० सेकंद एकसारखा दाब द्या आणि त्याच बोटांत मुंग्या येतात का बघा. कुठलीही एक टेस्ट शंभर टक्के खरी नसते, पण रंगवलेला कागद, रात्रीची जाग आणि या टेस्ट तिन्ही एकच सांगत असतील तर पुढे जायला हरकत नाही.

रात्रीचं मनगट

माझ्या मते निम्मी लढाई इथेच आहे आणि इथेच सगळ्यात जास्त ढिलाई होते. झोपेत आपण मनगट मुडपून गालाखाली, उशीखाली, छातीशी घेतो आणि तासन् तास तसेच राहतो, वरचे आकडे आठवा म्हणजे जाग का येते ते कळेल. म्हणून रात्री मनगट सरळ ठेवणारा स्प्लिंट, रोज, किमान सहा आठवडे. दोन रात्री लावला, गरम झालं, काढून ठेवला याला स्प्लिंट वापरला म्हणत नाहीत.

आणि आता ती गोष्ट जी मी जवळजवळ प्रत्येक पेशंटला करून दाखवते. दुकानात मिळणारे बरेचसे स्प्लिंट मनगट २० ते ३० अंश मागे झुकलेलं ठेवतात, मोच आल्यावर ते ठीक असेल, इथे ते प्रेशर वाढवतं. स्प्लिंट उलटा करा, तळहाताच्या बाजूला कापडाच्या खिशात एक धातूची पट्टी असते ती ओढून बाहेर काढा, टेबलाच्या कडेवर दाबून तिचा बाक काढा, जवळजवळ सपाट झाली पाहिजे, आणि परत आत सरकवा. लावल्यावर बाजूने बघा, हाताच्या पाठीची रेघ पुढच्या हाताच्या रेघेत आली की बरोबर. पट्टे इतकेच घट्ट की खालून एक बोट आरामात सरकेल, आवळून बांधला तर त्याचाच दाब बोगद्यावर पडतो आणि मग स्प्लिंटने वाढलं अशी तक्रार येते. नुसतं क्रेप बँडेज गुंडाळलं तर मनगट सरळ राहत नाही, वर दाब पडतो तो वेगळा.

काही जण स्प्लिंट नीट लावूनही रात्री उठतात, त्यांच्या बाबतीत मी मूठ बघते. घट्ट मूठ वळली की तळहातातले बोटांचे छोटे स्नायू बोगद्याच्या तोंडात ओढले जातात आणि आतली गर्दी वाढते. जे झोपेत मुठी आवळतात त्यांना बोटांच्या बुडाच्या सांध्यांपर्यंत जाणारा लांब स्प्लिंट लागतो, किंवा सुरुवातीला तळहातात गुंडाळलेला मऊ मोजा धरून झोपलं तरी फरक कळतो.

दिवसभर मात्र स्प्लिंट घालून बसू नका, मनगट आखडतं, स्नायू सुस्तावतात. त्रास देणारं ठराविक काम असेल तेवढ्यापुरता ठीक.

दिवसाचं काम

कॉम्प्युटरमुळेच होतं असा सगळ्यांचा समज आहे. साध्या टायपिंगचा संबंध लोक समजतात तितका पक्का नाही, त्यापेक्षा जोर लावून घट्ट पकडणं, तेच तेच पुन्हा पुन्हा करणं आणि थरथरणारी हत्यारं, म्हणजे ड्रिल, ग्राइंडर वगैरे, यांचा संबंध जास्त. म्हणून कामाकडे बघताना मी तीन प्रश्न विचारते, मनगट कुठे वाकतं, पकड किती घट्ट आहे, आणि मध्ये हात कधी सैल सुटतो. कपडा पिळताना दोन्ही मनगटं मुरगळतात, त्याऐवजी नळाला गुंडाळून पिळा किंवा दाबून पाणी काढा. बारीक दांड्याच्या वस्तूला कापड गुंडाळून दांडा जाड करा, पकड आपोआप सैल होते. माउससाठी तळहाताच्या बुडाशी जेलची उशी ठेवून सगळं वजन तिच्यावर टाकलं तर दाब बरोबर बोगद्यावर पडतो, आधार द्यायचाच तर कोपरापासून पुढच्या हाताला द्या. झोपून मोबाइल बघताना मनगट तासभर वाकलेलं राहतं त्याचाही हिशोब धरा.

शरीरातलं कारण

पट्टाही लावला, कामही बदललं आणि फरक नाही, किंवा दोन्ही हातांना एकदम सुरू झालं, तर रक्त तपासा. थायरॉइड कमी असणं, डायबेटिस, संधिवात ही मागे लपलेली कारणं असू शकतात, आणि ती तशीच ठेवून मनगटावर कितीही मेहनत केली तरी परत येतं. टीएसएच (थायरॉइडसाठी) आणि एचबीए१सी (शुगरसाठी) या साध्या टेस्ट आहेत, डॉक्टरांना सांगून करून घ्या. सकाळी बोटांचे सांधे बराच वेळ आखडलेले असतील तर ते डॉक्टरांना आवर्जून सांगा.

गरोदरपणात शेवटच्या महिन्यांत अंगात पाणी धरतं तेव्हा हे बऱ्याच जणींना होतं आणि बहुतेकींचं बाळंतपणानंतर हळूहळू जातं, तोपर्यंत रात्रीचा स्प्लिंट हा सुरक्षित उपाय आहे. बी ६ च्या गोळ्या स्वतःच्या मनाने महिनोन् महिने घेऊ नका, या त्रासात त्यांचा उपयोग सिद्ध झालेला नाही आणि जास्त डोसने उलट नर्व्हलाच इजा होते.

व्यायाम, आणि ते का बिघडतात

दोन प्रकार आहेत. पहिले टेंडन ग्लाइड: बोटं सरळ, मग आकड्यासारखी फक्त वरची पेरं वाकवायची, मग पूर्ण मूठ, मग बुडाचे सांधे वाकवून बोटं सरळ टेबलासारखी, मग बोटांची टोकं तळहाताच्या बुडाशी टेकवून सपाट मूठ. प्रत्येक वेळी मधे बोटं परत सरळ. पाच ते दहा वेळा, दिवसातून दोन-तीनदा, सावकाश. मूठ हलकी ठेवा. आणि स्माइली बॉल दाबत बसू नका, बऱ्याच जणांना वाटतं बोटं कमजोर झाली म्हणून ताकद वाढवावी, पण नर्व्ह चिडलेली असताना घट्ट मूठ दाबणं म्हणजे त्याच बोगद्यात अजून गर्दी करणं.

दुसरे नर्व्ह ग्लाइड, आणि इथे गडबड होते. व्हिडिओ बघून लोक हात बाजूला पूर्ण लांब करतात, मनगट मागे, बोटं मागे, मान उलट्या बाजूला, आणि मुंग्या आल्या की व्यायाम लागतोय असं समजून अजून ताणतात. चिडलेल्या नर्व्हला ताण सोसत नाही, तिला सरकवायचं असतं. नेफ्यातली नाडी आठवा, एक टोक ओढताना दुसरं सैल सोडलं की ती आरामात सरकते, दोन्ही टोकं एकदम ओढली की आवळते. म्हणून कोपर सरळ करताना मनगट आत वाकू द्या, आणि कोपर वाकवताना मनगट मागे न्या, म्हणजे एकीकडे ताण आला की दुसरीकडे सुटतो. पाच-सहा वेळा पुरे. हलकी जाणीव चालेल, मुंग्या आल्या तर काही मिनिटांत जायला हव्यात. त्या रात्री त्रास वाढला तर दुसऱ्या दिवशी निम्मं करा, तरी वाढला तर नर्व्ह ग्लाइड बंद आणि फक्त टेंडन ग्लाइड चालू. नुसत्या नर्व्ह ग्लाइडवर बरं होईल अशी आशा ठेवू नका, स्प्लिंटच्या जोडीला ते कामाचे.

हाताने उपचार

तीन-चार आठवडे वरचं सगळं नीट करूनही अडकून राहिलं तर हातांवर काम करणाऱ्या फिजिओकडे जा. चांगल्या सेशनमध्ये मनगटावर वेळ कमी जातो. मी पुढच्या हाताच्या आतल्या बाजूपासून सुरू करते, कोपराच्या खाली चार बोटं जिथे स्नायूंचा पोटासारखा फुगवटा असतो तिथे अंगठा हळूहळू रुतू द्यायचा, पेशंटला बोटं सावकाश उघडायला सांगायची आणि अंगठ्याखाली ती दोरीसारखी पट्टी सैल होईपर्यंत थांबायचं, कधीकधी याच जागी दाबल्यावर मधल्या बोटात ओळखीची मुंगी येते आणि पेशंट स्वतःच म्हणतो की हीच ती. तसं झालं तर दाब लगेच कमी करायचा, नर्व्हवर दाबत राहायचं नाही. मग मनगटाची छोटी हाडं एकमेकांवर हलकी सरकवणं, तळहात दोन्ही बाजूंना उघडून छताचं लिगामेंट सैल करणं, मग छातीचा पुढचा भाग, खांदा आणि मान.

मानेपर्यंत का जायचं? ही नर्व्ह मानेतून निघते, आणि १९७३ मध्ये अशी कल्पना मांडली गेली की वर एका जागी दबलेली नर्व्ह खाली दुसऱ्या जागी लवकर कुरकुरते. यावर वाद आहेत, पण तपासताना मान आणि खांदा सोडू नये एवढं तर नक्की. स्पेनमध्ये १२० बायकांवर एक चाचणी झाली, २०१५ मध्ये छापून आली, अर्ध्या जणींचं ऑपरेशन आणि अर्ध्या जणींना आठवड्याला एक असे फक्त तीन सेशन हाताने उपचार, मानेपासून हातापर्यंत जिथे जिथे नर्व्ह अडकू शकते तिथे. पहिल्या आणि तिसऱ्या महिन्याला हाताने उपचार घेतलेल्या पुढे होत्या, सहा आणि बारा महिन्यांनी दोन्ही गट सारखे. म्हणजे प्रयत्न करण्यासारखी गोष्ट आहे. पण याचा अर्थ स्नायू आटलेल्या हाताला मसाज करत बसावं असा कोणी काढू नका.

मनगटाच्या घडीवर जोराने रगडणं, मनगट कडकन मोडून घेणं, हे कोणी करत असेल तर हात मागे घ्या. आणि दर वेळी फक्त मशीन लावून पाठवत असतील, ना स्प्लिंट बघितला ना व्यायाम, तर तुम्ही वेळ घालवताय. चार ते सहा सेशनमध्ये रात्री जाग येण्यात काहीच फरक नाही तर चांगल्या फिजिओने स्वतःच पुढे पाठवायला हवं.

इथे थांबा आणि डॉक्टरकडे जा

बधिरपणा चोवीस तास राहतोय, अंगठ्याचा स्नायू उतरलाय, अंगठा उभा करायला ताकद नाही, किंवा वस्तू वारंवार हातातून पडतायत. सहा ते आठ आठवडे सगळं प्रामाणिकपणे करून फरक नाही. पडल्यावर किंवा मनगट फ्रॅक्चर झाल्यावर काही तासांत बोटं बधिर होऊन दुखणं वाढत चाललंय, प्लास्टरच्या आतसुद्धा, तर त्याच दिवशी हॉस्पिटल, सकाळपर्यंत थांबू नका. आणि एका बाजूचा हात अचानक बधिर होऊन सोबत तोंड वाकडं, बोलणं अडखळणं असेल तर हा विषयच वेगळा, स्ट्रोक समजून लगेच इमर्जन्सीत न्या.

पुढे डॉक्टर काय करतील तेही सांगून ठेवते म्हणजे घाबरायला नको. नर्व्ह कंडक्शन टेस्टमध्ये नर्व्ह किती मंद झालीय ते कळतं, थोडं झटके बसल्यासारखं वाटतं एवढंच, आणि सुरुवातीच्या त्रासात ती नॉर्मलही येऊ शकते. स्टेरॉइडच्या इंजेक्शनने आराम लवकर पडतो पण बऱ्याच जणांना काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी परत सुरू होतं, त्या काळात स्प्लिंट चालू ठेवा, आणि डायबेटिस असेल तर काही दिवस शुगर वाढते ते आधी बोलून घ्या. ऑपरेशनमध्ये ते छताचं लिगामेंट कापून जागा मोकळी करतात, बहुतेक वेळा फक्त हात बधिर करून, आणि त्याच दिवशी घरी. बोटं पहिल्या दिवसापासून हलवायची. रात्रीच्या मुंग्या बऱ्याचदा लवकर थांबतात, बधिरपणा सावकाश उतरतो, तळहाताच्या बुडाशी दुखणं जायला आणि कमी झालेली पकड परत यायला दोन-तीन महिने सहज लागतात, त्यासाठी टाके निघाल्यावर व्रणाचा मसाज आणि हळूहळू ताकदीचे व्यायाम असतात. फार दिवस आटलेला स्नायू मात्र ऑपरेशननंतरही पूर्ण भरेलच असं नाही, म्हणून अंगठ्याची तपासणी मी सगळ्यात वर लिहिली.

बरं झाल्यावर स्प्लिंट एका रात्रीत सोडू नका. आधी एक रात्र आड, मग आठवड्यातून दोनदा, मग बंद, पण कपाटात हाताला लागेल असा ठेवा. रात्रीची जाग परत सुरू झाली की त्याच रात्रीपासून लावा, महिनाभर बघू म्हणून थांबू नका. आणि दुसऱ्या खेपेला सहा आठवडे नीट लावूनही थांबलं नाही तर तिसरी खेप घरी करू नका, नर्व्ह कंडक्शन टेस्ट करून घ्या.